नावाचे वकील

चकलांब्यात सगळ्यात मोठा बोर्ड खताच्या दुकानाचा आहे आणि सगळ्यात लहान त्याच्या शेजारच्या वकीलसाहेबांचा. खताच्या बोर्डावर मालक, मालकाचे वडील, मालकाचं वाढदिवसाचं पोर आणि फुटबॉलएवढं कपाशीचं बोंड. वकीलसाहेबांच्या पाटीवर नाव, बी. ए., एलएल. बी., ॲडव्होकेट, बस्स. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्तिसाव्या नियमाप्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही, पाटी बेताचीच ठेवावी लागते आणि आपण अमुक एका कामातले तज्ज्ञ आहोत असं तिच्यावर लिहिणंही चालत नाही. त्यामुळे हे गृहस्थ ट्रेडमार्कचे वकील आहेत, हे पाटी वाचून कळायला मार्ग नाही. दुसऱ्यांची नावं राखण्यात ज्यांची हयात चालली त्यांनाच स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लावायची मुभा नाही. गावानं मग आपल्या पद्धतीनं सोय केली. "वकील व्हयत, पण नावाचे," असं पारावर कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. म्हणणाऱ्याला 'नावालाच वकील' असं म्हणायचं होतं. वकीलसाहेबांना मात्र ते इतकं चपखल वाटलं, की त्यांनी तक्रार न करता ठेवून घेतलं.

वडिलांची इच्छा होती, पोरानं फौजदारी करावी. बीड जिल्ह्यात फौजदारीला मरण नाही, असा त्यांचा हिशेब. पोरगं औरंगाबादच्या माणिकचंद पहाडे विधी महाविद्यालयातून एलएल. बी. झालं आणि थेट मुंबईला, फोर्टातल्या एका ऑफिसात चिकटलं. तिथं काय करतोस, असं वडिलांनी फोनवर विचारलं, तर म्हणाला, "दोन साबणांत साम्य आहे का ते बघतोय." वडिलांनी फोन आईकडं दिला. पुढं बरीच वर्षं ते पाहुण्यारावळ्यांना "मुलगा मुंबईला साबणाच्या कंपनीत हाय" असंच सांगत. ते सांगायलाही सोपं होतं आणि सोयरिकीलाही बरं.

मुंबईत अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवन आहे. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडातल्या धंद्यांची नावं तिथं नोंदवतात. वकीलसाहेबांची उमेदीची वर्षं त्या इमारतीच्या जिन्यांवर गेली. तेव्हा अर्जांचे चौऱ्याहत्तर नमुने होते. २०१७ च्या नियमांनी ते आठावर आणले, तेव्हा फोर्टातल्या ऑफिसानं पेढे वाटले. वकीलसाहेब त्या दिवशी कोपऱ्यात बसून होते. चौऱ्याहत्तरचे चौऱ्याहत्तर नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि आता त्या पाठांतराला विचारणारं कुणी राहिलं नव्हतं.

अर्ज ऑनलाइन आधीच झाले होते. २०२० च्या टाळेबंदीत सुनावण्याही व्हिडिओवर आल्या. मग फोर्टात बसून अँटॉप हिलशी बोलायचं ते चकलांब्यात बसून का नाही, आणि खोलीचं भाडं कामून भरायचं, असा अस्सल मराठवाडी प्रश्न त्यांना पडला. बायको, प्रिंटर आणि १९९९ च्या ट्रेड मार्क्स ॲक्टची पिवळी पडलेली प्रत घेऊन ते गावी आले.

गेवराईच्या कोर्टात ते अधूनमधून जातात, पण काम असतं म्हणून नव्हे. बाररूममध्ये चहा असतो म्हणून. ट्रेडमार्कच्या उल्लंघनाचा दावा जिल्हा न्यायालयाच्या खाली लावताच येत नाही, कलम १३४. म्हणजे आख्ख्या बारमध्ये हा एकच वकील असा, की ज्याचा दावा त्या कोर्टात उभाच राहत नाही. बाकीचे बांध, वाटणी, पोटगी आणि न वटलेले चेक यांत गळ्यापर्यंत बुडालेले. त्यातला एखादा सहज विचारतो, "काय चाललंय सध्या?" वकीलसाहेब सांगतात, "एका अगरबत्तीला हरकत घेतोय." विचारणारा थोडा वेळ त्यांच्याकडं बघतो आणि मायेनं म्हणतो, "एखादी मारामारी तरी घेत जा रे."

त्यांच्या डोक्यात जग कसं मांडलेलं आहे, ते एकदा कळलं की माणूस उलगडतो. फ्रान्समधल्या नीस गावी १९५७ साली एक करार झाला. त्याच्या आधारानं आज जगातला सगळा माल आणि सगळ्या सेवा पंचेचाळीस वर्गांत बसवलेल्या आहेत. पहिले चौतीस मालाचे, पुढचे अकरा सेवांचे. तुम्हा-आम्हाला शिवार दिसतं, त्यांना वर्ग दिसतात. बियाणं एकतीस, खत एक, फवारणीचं औषध पाच, विहिरीवरची मोटार सात, कोयता आठ. खवा एकोणतीस, मसाला तीस, उसाचा रस बत्तीस, बिडी चौतीस, वरातीतला बँड एक्केचाळीस. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या निघतात, ट्रॅक्टरवर संसार चढतो, बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी असतं. वकीलसाहेबही हळवे होऊन बघत असतात, पण तोंडातून निघतं, "बारा नंबरावर एकवीस चाललं." वाहनं बारा, भांडीकुंडी एकवीस.

वकिली पंचेचाळीस. शेवटचा वर्ग. त्याच वर्गात लग्न जुळवणारे आहेत, कुंडली मांडणारे आहेत आणि अंत्यविधीची सोय करणारेही आहेत. नीसच्या मंडळींनी उरलेलं सगळं तिथं कोंबलं असावं, असं माझं मत. वकीलसाहेबांना त्यात खोल अर्थ दिसतो. गावातल्या गुरुजींना त्यांनी मोठ्या आपुलकीनं सांगितलं, "आपण दोघं एकाच वर्गातले." गुरुजींनी विचार केला आणि म्हणाले, "मग दक्षिणा पण एकाच वर्गातली ठेवा. तुमची फार हाय."

बाजाराला ते पिशवी घेऊन जातात, पण खरेदी करत नाहीत, वाचतात. मेथी आणायला गेलेला माणूस एक अक्षर इकडचं तिकडं केलेला बिस्किटाचा पुडा घेऊन येतो. त्यांच्या घरी एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात नामांकित बॅटऱ्यांचे, बामांचे, दंतमंजनांचे आणि चहापुड्यांचे जुळे भाऊ भरलेले आहेत. वहिनींना त्या पेटीत दागिने ठेवायचे होते. ते अजून गव्हाच्या कणगीत आहेत.

बनावट मालावर ते भडकतात खरे, पण गिऱ्हाईक त्यांना साथ देत नाही. एका शेतकऱ्याच्या पाठीवरचा फवारणी पंप त्यांनी भर रस्त्यात थांबवला.

"हे नाव खोटं आहे."

"पंप चालतो की."

"चालत असेल. नाव चोरलेलं आहे."

"मग ज्याचं चोरलं त्यानं यावं. मी थांबतो बांधावर."

रंगाऱ्याशी तर त्यांचं उभं वैर. आमचा पेंटर कुठल्याही दुकानाच्या नावापुढं गोलातला आर काढून देतो. वर थोडे पैसे जास्त घेतो, कारण गोल हातानं काढायला अवघड. नोंदणी झाल्याशिवाय ती खूण लावता येत नाही, फार तर टीएम लिहा, हे वकीलसाहेबांनी त्याला किती वेळा समजावलं. पेंटर म्हणाला, "टीएममध्ये दोन अक्षरं हायत, साहेब. गिऱ्हाईकाला महाग पडतं." पंक्चरच्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळं गाव नोंदणीकृत आहे. अँटॉप हिलला तेवढं कळवायचं राहिलंय.

वकीलसाहेब हातातलं गिऱ्हाईक घालवतात कसं, ते रसवंतीवाल्याच्या प्रकरणात बघायला मिळालं. रसवंती म्हटली की कानिफनाथ नाहीतर नवनाथ, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. कानिफनाथांची समाधी मढीला, पाथर्डी तालुक्यात, म्हणजे आमच्या शेजारातच. मच्छिंद्रनाथ आष्टी तालुक्यात मायंब्याला. तेव्हा या नावावर पहिला हक्क आमच्या भागाचा, असं रसवंतीवाल्याच्या मनानं घेतलं. "पुण्या-मुंबईच्या सगळ्या कानिफनाथांना नोटिसा काढा," म्हणाला. पैसे घेऊनच आला होता. वकीलसाहेबांनी त्याला तासभर बसवून लालबाबू प्रियदर्शी विरुद्ध अमृतपाल सिंग हा निकाल सांगितला. अगरबत्तीला 'रामायण' हे नाव एकट्याचं म्हणून मागितलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली सांगितलं, धर्मग्रंथाचं नाव कुणा एकाच्या मालकीचं होत नाही. देवाचं नाव ज्याला घ्यायचं त्यानं घ्यावं. रसवंतीवाला म्हणाला, "हे सांगायला वकील कशाला पाहिजे? हे तर कीर्तनात फुकट सांगतात." पैसे घेऊन परत गेला. ढाब्याला महाराजांचं नाव नोंदवायला आलेल्या पोरांचं तेच झालं. शिवछत्रपतींचं नाव आणि चित्र धंद्याच्या चिन्हाला वापरायला १९५० च्या कायद्यानं मनाई आहे, हे वकीलसाहेबांनी उभं राहून सांगितलं. पोरंही उभी राहिली. मुजरा झाला, फी बुडाली.

जे टिकतात ते फी ऐकून जातात. एकट्या माणसाचा ऑनलाइन अर्ज असेल तर सरकारी फी साडेचार हजार, एका वर्गाची. "नावाला साडेचार हजार?" आमच्या किराणावाल्याचे डोळे पांढरे झाले. "बारशाला आत्याला एक साडी दिली की नाव मिळतं. वर ती कानात कुर्रर्र करती."

लोकांना हा कायदा समजावायचा एकच मार्ग त्यांना सापडला, तो म्हणजे नावाचा सातबारा. ही उपमा फोर्टात कुणाला सुचली नसती, आणि ती इतकी चालली की आता गाव त्यांच्या पुढं गेलंय. दर सोमवारी ट्रेडमार्कचं जर्नल निघतं, हजारो पानांचं. त्यात आलेल्या नावाला चार महिन्यांत हरकत घेता येते. गाव म्हणतं, फेरफाराची नोटीस लागली. आधीपासून नाव वापरणाऱ्याला कलम ३४ चं संरक्षण असतं. गाव म्हणतं, वहिवाट. पुण्याच्या बर्गर किंगचा खटला त्यांनी पारावर सांगितला तो दिवस मला आठवतो, कारण बर्गर काय असतो हे निम्म्यांना ठाऊक नसताना खटला सगळ्यांना कळला. पुण्याच्या कॅम्पातलं दुकान हे नाव ९२ च्या सुमारापासून वापरतंय. अमेरिकेच्या कंपनीनं नाव आपल्याकडं त्याच्याही आधी नोंदवलेलं, पण तिचं पहिलं दुकान भारतात उघडलं २०१४ ला. कंपनीनं २०११ मध्ये दावा लावला. २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं तो फेटाळला. कंपनी अपिलात गेली आणि डिसेंबरात उच्च न्यायालयानं अपिलाचा निकाल लागेपर्यंत दुकानालाच ते नाव वापरायला मनाई केली होती.

"म्हंजे सातबारा कंपनीचा आन् ताबा दुकानाचा," एक म्हातारा म्हणाला.

"बरोबर."

"मंग लागतंय वीस वर्ष. आमच्या गट नंबरात हेच चालू हाय."

पण वकीलसाहेबांच्या कारकिर्दीतला खरा शोध वेगळाच, आणि तो त्यांनी फोर्टात नव्हे, चकलांब्याच्या चहाच्या टपरीवर लावला.

दोन नावांत फसवं साम्य आहे की नाही, हे न्यायाधीश स्वतःच्या डोक्यानं ठरवत नाहीत. कायद्यात त्यासाठी एक माणूस नेमलेला आहे. सरासरी बुद्धीचा, अपुऱ्या आठवणीचा, बेसावध गिऱ्हाईक. अमृतधारा हे लाहोरचं जुनं औषध. उत्तर प्रदेशात कुणी लक्ष्मणधारा काढलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६२ साली निकाल आला. अमृताची धारा वेगळी आणि लक्ष्मणाची वेगळी, असा पदच्छेद करत गिऱ्हाईक दुकानात जात नाही. मागं घेतलेल्या बाटलीची अंधूक आठवण घेऊन तो येतो आणि एकूण नाव सारखं वाटलं की फसतो, असं न्यायालयानं म्हटलं. त्यातही लक्ष्मणधारा बरीच वर्षं उघड विकलं जात होतं आणि अमृतधारावाले गप्प बसले होते, म्हणून त्याला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, ती गोष्ट निराळी. पुढं १९६९ मध्ये रस्टन इंजिनवाल्यांनी 'रुस्तम इंडिया' इंजिनवाल्याला खाली पाडलं. पुढं इंडिया जोडलं म्हणून रुस्तमचं रस्टनशी साम्य जात नाही.

वकीलसाहेबांचं म्हणणं असं, की दिल्लीत बसून न्यायमूर्तींनी ज्या माणसाची कल्पना केली तो प्रत्यक्षात आहे आणि तो आमच्या गावात राहतो. ते म्हणजे त्यांचे शेजारी, नाना.

नानांची परीक्षा घ्यायची पद्धत शास्त्रशुद्ध आहे. दोन पुडे शेजारी शेजारी ठेवायचे नाहीत. कायद्याला ते चालत नाही, कारण दुकानात कुणी जुना पुडा घेऊन जात नाही. एक आज दाखवायचा. मग दोन-चार दिवस जाऊ द्यायचे. मग चहा-भजी मागवून, गप्पांच्या ओघात, दुसरा पुढं करायचा. "नाना, परवाचंच का हे?" नाना "व्हय" म्हणाले की मुंबईला मेल जातो, 'साम्य फसवे आहे'. नाना "न्हाई" म्हणाले तर 'दावा लावू नये'. फोर्टातल्या बड्या सॉलिसिटरांच्या अभिप्रायांमागं भजी खाणारे नाना आहेत, हे त्या सॉलिसिटरांना माहीत नाही. एकदा नाना पंढरीला गेले होते तर एका सौंदर्यप्रसाधनाचा सल्ला एकादशीपर्यंत अडकून पडला.

हे गुपित फुटलं ते वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या एका पोरामुळं. त्यानं नानांना इंग्रजी व्याख्येचा अर्थ सांगितला. नाना काठी घेऊन ऑफिसात आले.

"मी सरासरी बुद्धीचा?"

"नाना, तो कायद्याचा शब्द आहे."

"आन् आठवण अर्धवट? तुझ्या आज्यानं माझ्या बापाची तिफण नेली. मृगाच्या आदल्या दिवशी. चाडं सागवानी व्हतं, दांडी बाभळीची, आन् मधल्या फणाला तार गुंडाळलेली व्हती. आजून आली न्हाई. मला अर्धवट म्हणतो? तार सुदिक आठवती मला!"

वकीलसाहेब हादरले. तिफणीमुळं नव्हे, सिद्धान्तामुळं. अमृतधारेपासून आजवरचा सगळा कायदा ज्या माणसावर उभा, तो माणूस तारेसकट आठवणीचा निघाला होता. रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी नानांना सांगितलं, "येण्याबाबत तुमची आठवण पूर्ण आहे. मालाबाबत अपुरी आहे. न्यायालय मालापुरतंच बोलतं." नानांना ते पटलं, कारण येण्याचा मुद्दा मान्य झाला होता. आता ते पारावर सांगतात, "सुप्रीम कोर्टानं मलाच धरून कायदा केलाय." तिफण मात्र परत मिळालेली नाही.

एका गोष्टीवर वकीलसाहेब चेष्टा करत नाहीत, ती म्हणजे एचएमटी तांदूळ. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये आपल्या शेतातल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या राखून, पुन्हा पेरून, पुन्हा निवडून त्यांनी बारीक तांदळाचं वाण काढलं. तेव्हा एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, म्हणून तांदूळही एचएमटी नावानं बाजारात गेला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ते बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये 'पीकेव्ही एचएमटी' म्हणून वाण बाहेर आलं. दादाजी २०१८ च्या जूनमध्ये गेले. "घड्याळवाल्याचं नाव भाताला लागलं, विद्यापीठाची अक्षरं त्याच्या पुढं बसली. पोत्यावर दादाजी कुठंय?" असं वकीलसाहेब विचारतात आणि पुढचा अर्धा तास कुणाशी बोलत नाहीत. २००१ च्या वाण-हक्क कायद्यात शेतकऱ्याला घरचं बियाणं राखायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा, विकायचाही हक्क आहे. संरक्षित वाण ब्रँडच्या पाकिटात घालून विकायला तेवढी मनाई. गेवराईच्या कापूसवाल्यांना हे कलम ते पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात. त्याची फी घेतलेली मी पाहिली नाही.

फी त्यांना मिळाली ती सासूबाईंच्या प्रकरणात. तीही येसरात.

येसर म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. धान्य आणि डाळ भाजायची, मसाल्यासोबत कुटायची, आणि आमटीला लावायची. लग्नकार्यात येसराची आमटी नसेल तर पाहुणे बोलून दाखवतात. गावातल्या एका बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी घरच्या येसराची पाकिटं करून गेवराईला, शेवगावला विकायला सुरुवात केली. नाव 'सासूबाई येसर'. कृती खरोखरच सासूबाईंची होती. वकीलसाहेबांनी वर्ग तीसमध्ये अर्ज भरला. आक्षेप आला, उत्तर गेलं, सुनावणी लागली. अंगावर कोट आणि पांढरा बँड चढवून वकीलसाहेब ओसरीवर मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून बसले. समोरचे अधिकारी इकडचे नव्हते. त्यांनी विचारलं, येसर हे काय आहे? वकीलसाहेबांनी कायद्याच्या भाषेत दोन वाक्यं रचली, तोवर अध्यक्षबाईंनी फोन उचलून तिसऱ्या वाक्यापासून कृती सांगायला घेतली. किती भाजायचं, धणे कधी, लवंग किती, आणि ओट्यावर गार करायला कामून ठेवायचं. वकीलसाहेब हातवारे करून थांबवत होते, कारण येसर हे मालाचंच नाव आहे, त्यावर एकट्याचा हक्क नाही, हा आक्षेप बाई दर वाक्याला पक्का करत होत्या. अधिकाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग निकाल सांगितला, नोंदणी होईल, पण येसर या शब्दावर हक्क मिळणार नाही. सासूबाई या शब्दावर मिळेल.

"सासूबाईवर हक्क?" मागं बसलेल्या गटातल्या बायका पदर तोंडाला लावून फिदीफिदी हसल्या. "तो कुणाला पाहिजे?"

ते वाक्य पलीकडच्या दारात उभ्या असलेल्या खऱ्या सासूबाईंनी ऐकलं. जर्नलात नाव आलं आणि चार महिने संपायच्या आत गावात दुसरं पाकीट दिसू लागलं, 'आत्याबाई येसर'. आमच्याकडं सून सासूला आत्याबाई म्हणते. फोर्टातल्या कुठल्याही सॉफ्टवेअरला सासूबाई आणि आत्याबाई यांत 'बाई'च्या पलीकडं साम्य सापडलं नसतं. वकीलसाहेबांनी नानांना दोन्ही पाकिटांचं येसर, रीतीप्रमाणे चार दिवसांच्या अंतरानं, आमटीत घालून दिलं. नाना म्हणाले, "एकाच उखळातलं हाय. नावं तेवढी दोन."

मग सासूबाई स्वतः ऑफिसात आल्या. गेवराईपासून शेवगावपर्यंत या कायद्याचा दुसरा वकील नसल्यामुळं दोन्ही पक्ष एकाच बाकावर.

"येसर कोण कुटतं? चाळीस वर्षं?"

"तुम्ही. पण आत्याबाई, कुटण्याची वहिवाट कायदा धरत नाही. नावाची वहिवाट लागते. या नावानं तुम्ही काही विकलं का?"

"मला गाव काय म्हणतं?"

"आत्याबाई."

"तू आत्ता काय म्हणलास?"

वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या बाजूनं युक्तिवाद नव्हता असं नाही. विकणं आणि म्हणणं यांत फरक आहेच. पण कलमं सांगून या बाईंपुढं टिकाव लागणार नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं. त्यांनी कलम १४ काढलं. जिवंत माणसाशी संबंध सुचवणारं चिन्ह असेल तर त्या माणसाची लेखी संमती मागता येते. तडजोडीचा कागद झाला. 'आत्याबाई' मागं घ्यायचं, 'सासूबाई' राहील, पाकिटावर सासूबाईंचा फोटो येईल, दर पाकिटामागं रुपया त्यांना मिळेल आणि संमतीवर त्यांची सही.

फोटोला त्या गेवराईच्या स्टुडिओत गेल्या. हिरवी नऊवारी, डोक्यावरून पदर, गळ्यात पुतळ्याची माळ. फोटोवाला म्हणाला, "आजी, थोडं हसा." आजी म्हणाल्या, "येसर विकायचंय, दात न्हाई." तोच फोटो छापला आहे. पाकीट हातात घेतलं की माणूस आपोआप किंमत न करता पैसे देतो.

छपाईच्या आधी मजकूर मंजुरीला ऑफिसात आला, तेव्हा मी तिथंच होतो. सासूबाईंनी सुनेकडून सगळा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "खाली लिव्हा, आमची कुठेही शाखा नाही."

वकीलसाहेब म्हणाले, "आत्याबाई, ते खोटं होईल. गेवराईच्या गाळ्यात तुमची सूनच विकते ना? ती शाखाच झाली."

सासूबाईंनी सुनेकडं पाहिलं, मग वकीलसाहेबांकडं.

"ती शाखा न्हाई," त्या म्हणाल्या. "सून हाय."